बसून नांगरणी

विस्कॉन्सिनमधल्या त्या गावात बागेच्या छोट्या ट्रॅक्टरमागे चालतच नांगरायचं, असा रिवाज होता. म्हातारा गुस्ताव तीस वर्षं तसाच चालला. “आज बसून नांगराल, उद्या झोपून पेराल,” असा टोमणा तो मारायचा.

हिवाळ्यात तो गेला. वसंतात त्याच्या मुलाने, ऑर्विलने, ट्रॅक्टरमागे दोन चाकांची, स्प्रिंगवर बसवलेली लोखंडी सीट जोडली आणि बटाट्याच्या वाफ्यात बसूनच पहिली सरी काढली.

वळताना त्याने मागे पाहिलं. ओल्या मातीत सरीभर बुटांचे ठसे उमटले होते. डाव्या टाचेचा कोपरा तुटलेला होता. म्हाताऱ्याला पुरताना त्याच्या पायात तेच बूट घातले होते.

ऑर्विल उतरला. एका हाताने ट्रॅक्टरचा दांडा धरून तो सीटच्या बाजूने चालू लागला. कुंपणापाशी पोचल्यावर त्याने इंजिन बंद केलं आणि वळून पाहिलं. या दुसऱ्या सरीत फक्त त्याचे स्वतःचेच ठसे होते. त्याच्या जिवात जीव आला.

कुंपणापलीकडे त्याची बायको वर्ना उभी होती.

“ऑर्विल,” ती अगदी हळू म्हणाली, “तू तर चालत आलास ना? मग सीटची स्प्रिंग अशी दबलेली का आहे?”