नव्या गाडीला धक्का

गोरक्षनाथांनी खिडकीतून हात जोडले, "येतो मग," म्हणाले, आणि नेमकी त्याच वेळी त्यांची नवीकोरी पिकअप गप झाली.

गाडीला काही झालं नव्हतं. ती हायब्रिड होती. न्यूट्रलला उभी करून क्लचवरचा पाय काढला की इंजिन आपोआप बंद व्हायचं, क्लच दाबला की पुन्हा सुरू. शोरूमवाल्यानं हे तीनदा समजावून सांगितलं होतं. पण खर्ड्याच्या त्या अंगणात शोरूमवाला नव्हता. तिथं निरोप द्यायला मुलीकडची पंधरा-वीस माणसं उभी होती.

"बंद पडली," मुलीचे आजोबा रंगनाथ म्हणाले.

"पडली न्हाई, आपोआप बंद झाली. हायब्रिड हाय," गोरक्षनाथ घाईघाईनं म्हणाले. "उभ्या उभ्या डिझेल वाचतं."

अंगणातली माणसं एकमेकांकडे बघायला लागली.

"निरोप घेताना डिझेल वाचवायचं?" रंगनाथ म्हणाले. "दात कोरून पोट भरत न्हाई, पाव्हणं."

मागच्या सीटवरून रतनबाईंनी नवऱ्याच्या दंडाला चिमटा काढला. "गप बसा! पडली म्हना. चिकट म्हनतील आपल्याला."

रतनबाईंचं बरोबर होतं. बेलापूरहून ते आपल्या मुलासाठी, समर्थसाठी, मुलगी बघायला आले होते. समर्थ बत्तीस वर्षांचा, निर्व्यसनी, देखणासुद्धा म्हणता येईल असा. पण शेती करतो म्हटल्यावर नऊ मुलींनी नाही म्हटलं होतं. ही दहावी. राजेश्वरी. पोहे झाले, चहा झाला, दोघं बाजूला जाऊन बोललीही. आता फक्त रंगनाथांच्या तोंडून होकार यायचा राहिला होता, कारण त्या घरात शेवटचा शब्द त्यांचा. गाडी घेतली तीही मुलीकडच्यांवर छाप पडावी म्हणूनच. आणि आता भंगार गाडीवाला की कंजूष, यातलं एक काहीतरी गोरक्षनाथांना निवडायचं होतं.

ते निवडेपर्यंत रंगनाथांनी धोतराचा सोगा खोचला होता. "या रे, हात लावा!"

पाहुण्याची गाडी दारात बंद पडली आणि कुणी धक्का दिला नाही, असं गाव नगर जिल्ह्यात अजून वसायचं आहे. आठ-दहा जणांनी मागचा फाळका धरला. समर्थ उतरायला लागला, तर त्याला दटावून परत बसवलं. पाहुण्यानं का ढकलायचं?

"दुसरा गेर टाका!" मागून रंगनाथ ओरडले. "मी सोडा म्हनलो की क्लच सोडा!"

आली पंचाईत. गिअर टाकायचा तर क्लच दाबायचा, आणि क्लच दाबला की गाडी तिथंच सुरू! गोरक्षनाथांचा पाय क्लचवर अधांतरी राहिला. खरं तर दाबायची फार इच्छा होत होती. सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून काढलं नव्हतं, आणि गाडीची ही शोभा! एकदा दाबून दाखवावं यांना, बघा म्हणावं डोळे उघडून.

तेवढ्यात राजेश्वरी पाण्याची बाटली घेऊन खिडकीपाशी आली. बाटली देताना हळूच म्हणाली, "क्लच आत्ता दाबू नका. पुढं उतार आहे. आजोबा ओरडले की मग दाबा."

"तुला ठावं हाय व्हय हे?"

"आमच्या कॉलेजच्या सरांची अशीच आहे. पण आजोबांनी जन्मभर गावाच्या गाड्या ढकलल्यात. त्यांना गावासमोर खोटं पाडू नका."

गोरक्षनाथांना भरून आलं. ही पोरगी आपल्या घरात यायलाच पाहिजे, असं त्यांना इतक्या जोरानं वाटलं की त्यांनी पाय उचलून थेट बाजूला ठेवला.

गाडी हलली. गल्लीतले आणखी चार जण येऊन मिळाले. शाळेच्या भिंतीजवळून, किराणा दुकानावरून, पारावरच्या म्हाताऱ्यांसमोरून ती दोन टनांची वरात निघाली. गोरक्षनाथ मिरवणुकीतल्या गणपतीसारखे हसतमुख बसून राहिले.

"नवी दिसती की गाडी!" पारावरून कुणीतरी म्हणालं.

"दिसायला नवी हाय," रंगनाथ धापा टाकत म्हणाले.

गोरक्षनाथांनी तेही गिळलं.

उतार आला. "सोडा!" रंगनाथांनी आरोळी ठोकली, आणि गोरक्षनाथांनी क्लच दाबला. इंजिन गुरगुरलं. मागं आनंदाचा गलका उठला. गोरक्षनाथांनी ब्रेक मारून गाडी थांबवली, पण क्लच काही सोडला नाही; सोडला असता तर ती पुन्हा गप झाली असती.

घाम पुसत रंगनाथ खिडकीशी आले.

"लई गाड्या ढकलल्या मी," ते म्हणाले. "मालक आत बसून शिव्या देतो. कोन गाडीला देतो, कोन ढकलनाऱ्याला. तुमी मातर हसत बसला. असल्या मानसाच्या घरात पोरगी द्यायला हरकत न्हाई."

रतनबाईंनी मागं दोन्ही हात जोडले. समर्थचे कान लाल झाले.

"पन एक अट हाय," रंगनाथ म्हणाले.

"बोला की."

"नवरदेव ह्या गाडीत आनू नका."

क्लचवरचा पाय आता थरथरायला लागला होता. गोरक्षनाथांनी स्टिअरिंगवरून हळूच हात फिरवला.

"न्हाई आनत," ते म्हणाले. "पयल्या दिसापासनं भंगारच हाय ती."