टोपलीतला चष्मा

सेलूतल्या कोकिळाबाईंच्या रविवारच्या वर्गात एक रीत होती. आपल्याकडची जास्तीची वस्तू मुलांनी टोपलीत ठेवायची, ज्याला हवी त्यानं घ्यायची. दहावीतली वर्षाली हल्ली दरवेळी काहीतरी आणायची: रंगपेटी, छत्री, आवडते कानातले. बाई कौतुक करायच्या. आज तिनं जाड भिंगांचा चष्मा काढून टोपलीत ठेवला. "काव वर्षाली, आता भिंतीले धडकत फिरशीन का?" ऋतिकनं विचारलं. सगळे हसले. तीही हसली. "मले आता नाई लागत." ती एकेक वस्तू देऊन निरोप घेत होती आणि इतके दिवस आपण त्याचंच कौतुक केलं, हे कळून बाई हादरल्या. मुलांना अंगणात पाठवून त्यांनी तिला सरळ विचारलं, "बेटा, जीव द्यावासा वाटते का?" "वाटते. आईले नका सांगू, लय रागावते." "रागावू दे माह्यावर. डॉक्टरकडे आपण तिघी जाऊ," म्हणत बाईंनी तिला घट्ट धरूनच तिच्या आईला फोन लावला.