सतरंजीवरचं मूल

“पदवी आहे, पण अनुभव नाही? चालेल,” लॅपटॉपवरून हनोईच्या शाळेच्या मुख्याध्यापिका इंग्रजीत म्हणाल्या. “समोर मूल बसलंय असं समजा आणि शिकवा.”

मी रिकाम्या सतरंजीपुढे मांडी घातली. नाक, कान, डोळे इंग्रजीतून शिकवू लागले. शिकवताना नकळत त्या नसलेल्या मुलाचं नाक ओढणीनं पुसलं, कपाळावरचे केस मागे सारले. बाई खळखळून हसल्या. नोकरी पक्की झाली, पुढच्याच महिन्यापासून, वर्षभरासाठी, तिथं व्हिएतनाममध्ये.

आईनं आतल्या खोलीचं दार उघडलं. “झालं का गं एकदाचं? किती वेळ धरून ठेवू हिला?” माझी तीन वर्षांची शाल्मली आता वर्षभर तिच्याकडेच राहणार होती.

मी हात पसरले, पण शाल्मली माझ्याकडे आलीच नाही. दाराच्या फटीतून तिनं सगळं पाहिलं होतं. ती सतरंजीपाशी गेली आणि रिकाम्या जागेवर बोट रोखून म्हणाली, “ऊठ तू. ती माझी आई आहे.”

आई हसली. “अगं वेडाबाई, कुणी नाहीये तिथं!”

शाल्मलीनं खात्री करायला माझ्याकडे पाहिलं. मला ‘नाही’ म्हणवेना.