करंगळीची शाई

पेशावरच्या त्या गल्लीतल्या नाल्यात पोलिओचा विषाणू सापडला, तेव्हापासून रेशमीना थेंबांची पेटी खांद्याला लावून दारोदार फिरत होती. हे दार दर वेळी म्हाताऱ्यानं उघडलं होतं आणि तिच्या तोंडावर लावलं होतं. आज मात्र नातवाला कडेवर घेऊन त्याची बायको दारात आली. आत अंगणात खाटेवर कहवा पीत बसलेल्या नवऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "उशीर केलास बाई. आमच्या बर्यालला थेंब मिळाले. ही बघ करंगळीला शाई."

रेशमीनानं पाहिलं. थेंब पाजल्यावर शाई लावतात ती डाव्या करंगळीला. ही तर उजवी. शाई घरची, लबाडी घरची, आणि तीही धड जमलेली नाही.

"अदे," म्हातारीला आई म्हणून हाक मारत रेशमीना हळूच म्हणाली, "खोटंच करायचं होतं, तर हात तरी नीट बघायचात."

आत म्हातारा खाकरला. "गेली का ती?"

"निघालीच," म्हातारीनं ओरडून सांगितलं, उंबरठा ओलांडून ती बाहेर आली आणि पाठीमागं दार ओढून घेतलं.

"याच्या बापाच्या वेळेपासून बघतेय ही शाई. मला डावं-उजवं शिकवतेस?" बर्यालचे गाल दाबून तिनं त्याचं तोंड उघडलं. "शाई लावून पिटाळ म्हणाले, लावली. डावी तुझ्यासाठी मोकळी ठेवलीय."