बाजूने आलेला भार

वर्गातली शांतता माझ्या मानेवर येऊन बसली होती. पडद्यावर मैत्रिणीचा ई-पोर्टफोलिओ, तिच्या कामांची डिजिटल वही, उघडा होता: पुठ्ठ्याचा पूल, मधोमध मोडलेला. खरा पूल तिच्या बाकावर होता. माझ्या पोर्टफोलिओत प्रमाणपत्रांची रांग, एकही ओरखडा नसलेली. सर तिची नोंद वाचू लागले: “पूल वजनाने मोडला नाही. घडी आत वळलीय. भार बाजूने आला, तळहाताएवढ्या जागेवर.” मी हात बाकाखाली घेतला. “अपयश असं वाचता आलं पाहिजे. प्रवेशाच्या मुलाखतीला हेच पान दाखव,” सर तिला म्हणाले. “हिचं मोडलं तरी सोनंच,” मागून कुणीतरी पुटपुटलं. ते सोनं माझ्याच हातून घडलं होतं. तिचा देखणा पूल मला बघवला नव्हता. तास सुटल्यावर तिला दारात गाठलं. “कळलं होतं, तर माझं नाव का नाही लिहिलंस?” तिने माझ्या तळहाताकडे पाहिलं, मोडका पूल छातीशी धरला आणि ती जिना उतरू लागली.