उजवं पुढचं चाक

"डावीकडचं आधी बघ," गॅरेजमध्ये पाऊल टाकताच आर्विडने फर्मावलं.

"काका, आधी गाडी चालवून तर बघू द्या," लायल म्हणाला. "बसमध्ये तुमचं चालायचं. इथे माझं चालतं."

आर्विडने चौतीस वर्षं शाळेची बस चालवली होती. मिनेसोटाच्या बर्फात, बसला एक ओरखडा न पाडता. आज पन्नाशीला आलेला लायल मेकॅनिक त्याच बसच्या मागच्या बाकाला च्युइंगगम चिकटवायचा, आणि दर शुक्रवारी आर्विड त्याच्याकडून ते खरवडून घ्यायचा.

आर्विडची मुलगी कॅरिन कोटही न काढता उभी होती. "लायल, जे असेल ते सरळ सांग. गाडीत काही बिघाड नसेल, तर बाबा आज किल्ली माझ्या हातात देणार. तसं ठरलंय आमचं."

"आणि बिघाड निघाला तर बाईसाहेब पुन्हा हा विषय काढणार नाहीत," आर्विड म्हणाला. "तेही ठरलंय."

परवा संध्याकाळी गावातून घरी जाताना आर्विडने शेजारच्या टॉलेफसनबाईंची पत्रपेटी खांबासकट आडवी केली होती. तळ्याकाठच्या त्या रस्त्यावर सगळ्यांच्या पेट्या तळ्याच्याच बाजूला आहेत, टपालवाल्याचं एका फेरीत उरकावं म्हणून. सकाळी पोरंही बसची वाट बघत तिथेच उभी असतात. "गाडीनं ओढलं," यापलीकडे आर्विड काही सांगत नव्हता. कॅरिनला ते पटत नव्हतं. माणूस एक्क्याऐंशीचा, बायको गेलेली, तळ्याकाठी एकटा. सर्वांत जवळचं दुकान अकरा मैलांवर. किल्ली गेली की घरही गेलंच, हे दोघांनाही कळत होतं.

लायल गाडी घेऊन पाच मैल फिरून आला, ब्रेक शक्यतो न दाबता. उतरून त्याने एकेका चाकाजवळ तळहात नेला. तीन चाकं गार होती. चौथ्यापाशी त्याने हात झटकन मागे घेतला.

"आयला! तवा झालाय नुसता."

"कुठलं?" आर्विडने विचारलं.

"उजवं पुढचं."

आर्विड कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसला आणि कपात कॉफी ओतून घेतली. ती त्याने प्यायली मात्र नाही.

लायलने गाडी जॅकवर घेतली. चाक हाताने हलेना. ब्रेकचं तेल सोडणारा स्क्रू त्याने सैल करून पाहिला, तरी चाक घट्ट ते घट्टच. म्हणजे तेलाचा दाब अडकला नव्हता, चाकाच्या तबकडीवर ब्रेकचे पॅड दाबणारा कॅलिपरच अडकला होता. चाक काढलं तर आतला पॅड झिजून पापुद्रा झालेला आणि बाहेरचा जवळजवळ नवा.

"हे बघ, कॅरिन. हा कॅलिपर या दोन पिनांवर मागेपुढे सरकायला हवा. खालच्या पिनेचं रबर फाटलंय. बर्फासाठी रस्त्यावर टाकलेलं मीठ आत शिरलं आणि पीन गंजून बसली. पाय काढला तरी ब्रेक सुटत नाही. गाडी उजवीकडे ओढणारच."

"म्हणजे बाबा खरं बोलत होते?"

"मलाच येताना दोनदा सावरावी लागली."

कॅरिनने एकदम खुर्ची गाठली आणि बापाच्या गळ्यात हात टाकले. तिचे डोळे भरून आले होते. "चुकलं माझं, बाबा. दोन रात्री झोप नाही मला. काय काय बोलले मी तुम्हाला!"

"म्हातारा म्हणालीस," आर्विड म्हणाला. "ते काही खोटं नाही."

पीन सहजासहजी निघेना. लायलने ती तापवली, ठोकली, तिला यथेच्छ शिव्या घातल्या, तेव्हा कुठे अर्ध्या तासाने बाहेर आली. भोक साफ करून त्याने नव्या पिना, नवं रबर, भरपूर ग्रीस घातलं आणि दोन्ही पुढच्या चाकांचे पॅड बदलले. चाक आता एका बोटाने गरगर फिरत होतं.

कॅरिन बाहेर आपल्या गाडीवरचा बर्फ झाडायला गेली. किती तरी दिवसांनी ती गुणगुणत होती.

"घ्या, काका." लायलने किल्ली पुढे केली. "बसवाल्याचं नाव राहिलं बघा."

आर्विडने किल्ली मुठीत धरली. "डावं निघेल असं वाटलं होतं रे मला," तो म्हणाला.

"डावं काय, उजवं काय! बिघाड निघाला ना? सुटलात!"

आर्विडने टोपी कानांवर ओढली आणि सांभाळून पावलं टाकत बाहेर गेला. कॅरिनच्या हातातला ब्रश काढून घेतला आणि तिथे किल्ली ठेवली.

"हे काय, बाबा? जिंकलात की तुम्ही!"

"गाडी उजवीकडे ओढत होती, पोरी," आर्विड म्हणाला. "घरी जाताना तळं आणि त्या पेट्या डावीकडे असतात."