तिसरी डबी

लॅबमधल्या मुलीने दुसरी डबीही परत आणली. "आजोबा, ही नुसती लाळ आहे. छातीतला कफ हवा. न्यूमोनिया कोणत्या जंतूमुळे झालाय ते कळलं नाही, तर औषध अंदाजाने द्यावं लागेल."

चारचौघांत खोकायलाही लाजणारे आजोबा कसनुसे झाले.

तिसरी डबी त्यांच्या हातात देत आजी म्हणाल्या, "अंदाजाला काय घाबरायचं? तुमच्या त्या पहिल्या पत्राचं अक्षर मला कुठे लागलं होतं? मी अंदाजानेच लग्नाला हो म्हटलं."

आजोबांना हसू फुटलं. हसता हसता खोकल्याची उबळ आली आणि डबीत चांगला घट्ट कफ पडला. मुलगी झाकण लावून लॅबकडे पळाली.

डोळे पुसत आजोबा म्हणाले, "अगं, त्या पत्रात मी माझं पुस्तक तेवढं परत मागितलं होतं."